कादंबरीसाठी कल्पित खंडाचा नकाशा: पहिलेच मानधनाचे काम, सुरुवात कोठून करावी?

कुंचला, अंबाजोगाई

नमस्कार. मी अंबाजोगाईत चित्रकलेचे वर्ग घेते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांची तयारी करून घेणे हे माझे नेहमीचे काम असून कल्पित देशांचे नकाशे काढणे हा आजवर केवळ छंद होता. त्यांपैकी काही नकाशे पाहून छत्रपती संभाजीनगरच्या एका लेखकांनी आपल्या तीन भागांच्या कादंबरीसाठी एका संपूर्ण खंडाचा नकाशा मागितला आहे आणि त्याचे मानधन देण्याची तयारी दाखवली आहे. पैसे घेऊन नकाशा काढण्याची माझी ही पहिलीच वेळ आहे.

कादंबरी मराठीत असून ती डेमी आकारात, केवळ काळ्या शाईत छापली जाईल. नकाशा सुरुवातीच्या जोडपानावर येणार आहे, आणि पुढे त्याचेच रंगीत पोस्टर काढण्याचाही लेखकांचा विचार आहे. त्यांनी मला हस्तलिखित, साठेक नावांची यादी आणि पेन्सिलीने काढलेला कच्चा आराखडा पाठवला आहे. (पुस्तक अद्याप अप्रकाशित असल्याने येथे मी सर्व नावे बदलून देत आहे.) या आराखड्यात खंडाच्या चारही कडांना डोंगर आहेत. मध्यभागी मानडोह नावाचे सरोवर आहे आणि त्यातून निघालेली सोनवाहिनी नदी पूर्वेच्या व पश्चिमेच्या अशा दोन्ही समुद्रांना मिळते. राजधानी उत्तुंगा ही राखमाळ नावाच्या वाळवंटात, जवळपास नदी नसताना वसलेली आहे. शिंपणे या पश्चिमेच्या बंदरापासून राजधानीपर्यंतचे अंतर आराखड्यात खंडाच्या जवळजवळ निम्म्या रुंदीइतके आहे, आणि कथेत बैलगाड्यांचा तांडा ते बारा दिवसांत कापतो. याखेरीज "बाकी तुम्ही तुमच्या पद्धतीने सुंदर करा" एवढीच सूचना आहे.

एकच नदी दोन समुद्रांना मिळते हे मला खटकते. परंतु पहिल्याच कामात लेखकांच्या कल्पनेत चुका काढाव्यात की दिलेला आराखडा मुकाट्याने देखणा करून द्यावा, हे ठरत नाही. शिवाय मोठ्या प्रदेशांची नावे देवनागरीत पसरून कशी लिहावीत, मानधन कसे सांगावे आणि लेखी काय घ्यावे, याविषयीही जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

जलविभाजक, परभणी

ताई, प्रथम अभिनंदन. माझी सारी नोकरी भूगोल शिकवण्यात गेली. रेषेच्या सौंदर्याविषयी मी काही सांगू शकणार नाही, पाण्याविषयी मात्र सांगू शकेन.

आपण आराखड्यावर ट्रेसिंग पेपर ठेवावा आणि त्यावर नद्या न काढता प्रथम जलविभाजक रेषा काढाव्यात, म्हणजे ज्या कण्याच्या एका बाजूचे पाणी एकीकडे आणि दुसऱ्या बाजूचे दुसरीकडे उतरते त्या रेषा. याचे उत्तम उदाहरण आपल्या घराजवळ आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तर उतारावर पडलेला पाऊस वाघूर नदीतून तापीत आणि तेथून अरबी समुद्रात जातो, तर त्याच रांगेच्या दक्षिण उतारावरचा पाऊस पूर्णा आणि दुधना यांच्या वाटेने गोदावरीत येऊन बंगालच्या उपसागराला पोचतो. तुमच्या खंडावर अशा रेषा पडल्या की नद्यांना फारसे पर्याय उरत नाहीत, आणि चित्रकाराचे निम्मे श्रम वाचतात. नदी उताराने जाते, वाटेत इतर प्रवाहांना पोटात घेते आणि मुखाशी गाळ साचला तरच फुटते, एवढे पाळले तरी नकाशा वाचकाच्या डोळ्याला खुपत नाही.

मात्र नदी उगमापासून समुद्रापर्यंत सरळ ओढू नये. बीड जिल्ह्यातील बालाघाटात उगम पावणारी मांजरा लातूर जिल्ह्यातून पूर्वेकडे व आग्नेयेकडे जाते, कर्नाटकातील बीदरच्या बाजूने तेलंगणात शिरते आणि तेथे चक्क उत्तरेकडे वळून गोदावरीला मिळते. हा सारा फेरा सुमारे ७२४ किलोमीटरचा आहे. अंबाजोगाईत राहणारे आपण तर तिच्याच खोऱ्याच्या काठावर राहता, तेव्हा हे वळण एकदा नकाशात बोट ठेवून पाहावे. असे एखादे अनपेक्षित वळण काढले, तर त्याच्या पलीकडे उंचवटा असणार हे वाचक न सांगता धरून चालतो.

आता लेखकांच्या आराखड्याकडे वळतो. चारही कडांना डोंगर आणि मध्ये वाळवंट, हे मला अजिबात चुकीचे वाटत नाही. समुद्रावरून येणारा वारा डोंगराच्या बाहेरच्या अंगाला पाऊस टाकतो आणि आत कोरडा पोचतो. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि मराठवाड्याच्या मोठ्या भागाच्या वाट्याला सरासरी ७०० ते ८०० मिलिमीटरच्या आसपास येतो, त्याचे मुख्य कारण हेच आहे. चारही बाजूंनी कडे असलेल्या खंडाचा मध्य तर याहूनही कोरडा असेल. तेव्हा राखमाळ अगदी जागेवर आहे, अडचण सरोवराची आहे. डोंगरांनी वेढलेल्या खोलगट भागात जमलेल्या पाण्याला बाहेर पडण्यास वाट नसेल तर ते बाष्पीभवनाने आटत राहते आणि सरोवर खारे होते. वाट असेल तर ती डोंगर कापून जाणारी अरुंद घळ असावी लागेल, आणि ती घळ नकाशात दिसली पाहिजे.

राजधानीजवळ नदी नाही, याला मी दोष मानणार नाही. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवली आणि डोंगराकडील पाणी भूमिगत नहरीने शहरात आणले. त्या नहरीच्या मार्गावर ठिकठिकाणी बांधीव तोंडे आहेत. तुमच्या नकाशात डोंगराच्या पायथ्यापासून उत्तुंगेपर्यंत बारीक वर्तुळांची एक रांग काढली आणि नकाशाच्या खुणांच्या सूचीत तिला "नहर" म्हटले, तर राजधानीचे गणित सुटेल. लेखक महाशय नहरीच्याच शहरात राहतात, त्यांना ही सूचना आवडण्याचा संभव अधिक.

पायवाट, धाराशिव

वरील सरांचे म्हणणे मान्य आहे, परंतु क्रमाविषयी माझे मत वेगळे आहे. पाण्याच्या आधी अंतर ठरवावे, कारण नदी चुकली तर थोड्या वाचकांच्या लक्षात येते, पण प्रवासाचे दिवस चुकले तर कथेत गुंतलेला प्रत्येक वाचक नकाशावर बोटाने मोजतो.

हस्तलिखित हातात पेन्सिल घेऊन वाचावे आणि कोण, कोठून, कोठे, कोणत्या वाहनाने आणि किती दिवसांत गेला, याची नोंद एका वहीत करावी. मग प्रश्न उरतो तो तांडा दिवसाला किती जातो याचा. येथे आपल्या भागातील एक जुना पुरावा उपयोगी पडतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासवर्णनात बरीगाझा, म्हणजे भडोच, येथून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि पैठणहून तगर दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे नोंदवले आहे, आणि तेथून माल वाट नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून बंदराकडे येतो असेही म्हटले आहे. तगर म्हणजे आमच्या जिल्ह्यातील तेर. आज नकाशावर पट्टी ठेवली तर भडोच ते पैठण सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आणि पैठण ते तेर दीडशेच्या आसपास भरते. दोन्ही ठिकाणी भागाकार दिवसाला पंधरा ते अठरा किलोमीटरच येतो. प्रत्यक्ष वाट वळणावळणाची असल्याने गाड्या त्याहून अधिक चालत असणार, पण नकाशासाठी आपल्याला सरळ रेषेतलेच अंतर हवे असते.

आता हे माप आपल्या तांड्याला लावा. बारा दिवसांत तो सरळ रेषेत दोनशे किलोमीटर जाईल. ते अंतर खंडाच्या निम्म्या रुंदीइतके असेल, तर संपूर्ण खंड चारशे किलोमीटर रुंद झाला. वैजापूरपासून किनवटपर्यंत मराठवाड्याची रुंदी साडेतीनशेच्या पुढे आहे. म्हणजे लेखक ज्याला खंड म्हणतात, तो आपल्या आठ जिल्ह्यांपेक्षा थोडासाच रुंद आहे, आणि त्यात त्यांनी चार डोंगररांगा, एक वाळवंट व साठ नावे बसवली आहेत!

यातून मार्ग दोनच आहेत. बारा दिवसांचे तीन महिने करावेत किंवा बंदर आणि राजधानी जवळ आणून खंडाचा उरलेला भाग मोठा करावा. यांतले काय निवडायचे हा अधिकार सर्वस्वी लेखकांचा आहे. आपण फक्त हिशेब मांडून त्यांच्यापुढे ठेवावा. शाईचा पहिला थेंब कागदावर पडण्याआधी हे झाले पाहिजे.

रात्रवाचक, नांदेड

मी नकाशे काढत नाही, अशा कादंबऱ्या वाचतो, म्हणून वाचकाच्या बाजूने थोडे लिहितो. दोन्ही जाणकारांचे म्हणणे योग्य आहे, पण कल्पित खंडातून सर्व चमत्कार काढून टाकले तर तो शाळेच्या भिंतीवरचा तक्ता होऊन बसेल, अशी मला भीती वाटते.

दोन खोऱ्यांना जोडणारी नदी पृथ्वीवरही आहे. व्हेनेझुएलात ओरिनोको नदीच्या वरच्या भागातून कासिकियारे नावाचा फाटा फुटतो आणि तीनशेहून अधिक किलोमीटर वाहून रिओ निग्रोमार्गे ॲमेझॉनच्या खोऱ्यात जातो. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट १८०० मध्ये त्या वाटेने प्रत्यक्ष गेला होता. समुद्राला न मिळणाऱ्या नद्यांसाठी तर इतके दूर जाण्याचेही कारण नाही. राजस्थानातील लुणी कच्छच्या रणात विरून जाते. त्यामुळे "असे होऊ शकत नाही" असे लेखकांना कळवण्याऐवजी "हे कथेला मुद्दाम हवे आहे का?" असे विचारावे. मुद्दाम हवे असेल तर ते नकाशात ठळक करावे. नकळत झाले असेल तर ते स्वतःच बदलतील.

जलविभाजक, परभणी

कासिकियारेचे उदाहरण मान्य. केवळ एक भर घालतो. तेथे दोन खोऱ्यांमधला विभाजक अत्यंत सपाट आहे, म्हणून ते घडते. सरोवराला दोन तोंडे असतील, तर सहसा ज्या तोंडाचा प्रवाह आपला तळ लवकर कापतो ते हळूहळू सारे पाणी ओढून घेते आणि दुसरे कोरडे पडते. तेव्हा दोन्ही तोंडे शतकानुशतके वाहती ठेवायची असतील तर वेगाने कापणाऱ्या तोंडावर कोणीतरी बंधारा घातलेला असला पाहिजे, आणि जो बंधारा राखतो त्याच्या हातात दुसऱ्या राज्याचे पाणी असते. पाण्यावरून भांडणे कशी होतात हे मराठवाड्यातील लेखकाला वेगळे सांगावे लागणार नाही.

कुंचला, अंबाजोगाई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रात्रवाचक यांनी सुचवले त्या शब्दांत मी लेखकांना विचारले. दोन तोंडांची सोनवाहिनी त्यांना मुद्दामच हवी आहे, कारण दोन्ही किनाऱ्यांवरच्या राज्यांची आरमारे मानडोहात समोरासमोर येतात, हा दुसऱ्या भागाचा शेवट आहे. बंधाऱ्याची कल्पना त्यांनी लगेच उचलली आणि तो पश्चिमेच्या तोंडावर दाखवण्यास सांगितले. बारा दिवसांचा हिशेब मात्र त्यांना अनपेक्षित होता. ते आता तांड्याचा प्रवास एका पावसाळ्याच्या मुक्कामासह लांबवणार आहेत, त्यामुळे खंडाची रुंदी बरीच वाढेल.

आता अक्षरलेखनाकडे वळते. इंग्रजी नकाशांत प्रदेशाचे नाव अक्षरे लांब लांब ठेवून सबंध प्रदेशभर पसरवतात. संगणकावर "राखमाळ" हे नाव तसे पसरवले की शिरोरेषेचे तुकडे होतात आणि वळणदार रेषेवर बसवले की अक्षरे एकमेकांपासून निखळल्यासारखी दिसतात. यावर काय करावे?

शिरोरेषा, छत्रपती संभाजीनगर

मी पुस्तकांची मांडणी करतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. रोमन लिपीतील अक्षरे मुळातच सुटी असल्याने ती पसरली तरी बिघडत नाहीत. देवनागरी शब्द शिरोरेषेला टांगलेला असतो, आणि संगणक अंतर वाढवतो तेव्हा ती रेषा मधल्या मोकळ्या जागेत वाढत नाही. यावर व्यवहारात तीन उपाय चालतात.

पहिला उपाय म्हणजे नाव पसरवूच नये. प्रदेशाचे महत्त्व अक्षरांच्या आकाराने आणि वजनाने दाखवावे. डेमीच्या जोडपानावर बहुतेक वेळा हेच पुरते. दुसरा उपाय म्हणजे शब्द नेहमीच्या अंतरावर बसवून त्याचे बाह्यरेषांत रूपांतर करावे (म्हणजे अक्षरे टंक, अर्थात फॉन्ट, न राहता चित्रातले आकार होतात), मग अक्षरे हाताने दूर सरकवावीत आणि मधल्या फटींत शिरोरेषेच्याच जाडीची पट्टी काढून ती सलग करावी. "राखमाळ"सारख्या चार अक्षरी नावाला हे शोभते, पण ज्या नावात जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी असेल तेथे वेलांटी तिच्या अक्षरापासून तुटणार नाही याकडे लक्ष ठेवावे लागते. तिसरा उपाय मला सर्वांत आवडतो आणि आपण चित्रकार असल्याने तो आपल्याला जमेलही. मोठी पाच-सात नावे बोरूने किंवा कट निबने कागदावरच लिहावीत. आधी पेन्सिलीने वळणदार शिरोरेषा ओढून घ्यावी, तिच्यावर अक्षरांच्या उभ्या दांड्यांच्या जागा खुणेने ठरवाव्यात आणि मग अक्षरे तिला लोंबती ठेवून लिहावीत. वळणावर दांडा शिरोरेषेशी काटकोनात राहिला की शब्द निखळत नाही. संगणकाला जे साधत नाही ते हाताला साधते, ते याच ठिकाणी.

उरलेली पन्नासेक लहान नावे टंकातच ठेवावीत. कारण अगदी साधे आहे: लेखक शेवटच्या आठवड्यात एखाद्या गावाचे नाव बदलणारच. मुक्त परवान्याचे युनिकोड टंक वापरले तर पुस्तक आणि पोस्टर या दोन्हींसाठी परवान्याचा प्रश्न येत नाही. गावांसाठी 'मुक्त' नावाचा टंक आणि नद्या-समुद्रांसाठी 'तिरो देवनागरी मराठी' अशी जोडी मला चांगली वाटते. दुसऱ्यात मराठी वळणाचे ल आणि श मिळतात. टंक सात पॉइंटच्या खाली नेऊ नये, कारण आपल्या लिपीत वर वेलांटी, रफार आणि खाली उकार अशी तिन्ही मजल्यांवर वस्ती असते, आणि लहान आकारात "कुर्डू" सारखा शब्द शाईने भरून जातो. जुन्या फोटोशॉपमध्ये जोडाक्षरे फुटत असतील तर टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडावे. इंकस्केप या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ती अडचण येत नाही. छापखान्याला देण्याच्या प्रतीत सर्व अक्षरांचे बाह्यरेषांत रूपांतर केलेले असावे, परंतु टंकासह असलेली मूळ फाइल जपून ठेवावी.

छपाईविषयी थोडे. डेमीचे पान साडेपाच बाय साडेआठ इंच, म्हणजे जोडपान अकरा बाय साडेआठ इंच होते. कडेने तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापणीत जाणारे जादा चित्र, धरावे. रेषाचित्र काळ्या शाईत जाणार असल्याने स्कॅन ३०० डीपीआयवर न करता किमान ६०० वर करावे, आणि पोस्टरचा विचार असल्याने मूळ चित्र छापील आकाराच्या दीडपट किंवा दुप्पट काढावे. मूळ चित्र दुप्पट असेल तर त्यातली प्रत्येक रेषा छापताना निम्मी होते, म्हणून छापील आकारात अर्ध्या पॉइंटहून बारीक रेषा उरणार नाही असे पाहावे. करडी छटा टाळावी. साध्या मॅपलिथो कागदावर ती मळकट दिसते, त्यापेक्षा डोंगरांच्या सावल्या आडव्या-तिरप्या रेषांनीच द्याव्यात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बांधणीची घडी. चिकट बांधणीच्या पुस्तकात जोडपानाचा मध्य पूर्ण उघडत नाही. मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना किमान दहा-बारा मिलिमीटरपर्यंत एकही नाव किंवा गाव नसावे. आपले मानडोह सरोवर खंडाच्या ऐन मध्यावर आहे, ते घडीत बुडेल. सबंध खंड थोडा डावीकडे सरकवून उजव्या समुद्रात सूची आणि प्रमाणपट्टी बसवावी, म्हणजे सरोवरही वाचेल आणि मोकळी जागाही कारणी लागेल.

शाईदौत, लातूर

अक्षरांविषयी वर इतके नेमके आले आहे की मी थेट पैशांवर येतो. संकोचामुळे नवा चित्रकार आकडा सांगत नाही, मग समोरचा आपल्या अंदाजाने सांगतो आणि तो अंदाज नेहमी खालचा असतो. कागदाच्या आकारावरून दर ठरवू नये. नावे किती, हाताने लिहायची किती, डोंगर एकेक काढायचे की शिक्क्यासारखे पुन्हा वापरायचे, यावरून आपले तास मोजावेत आणि महिनाभर वर्ग घेऊन जे मिळते त्यावरून आपल्या एका तासाची किंमत काढावी. या दोहोंचा गुणाकार आणि त्यावर दुरुस्त्यांसाठी वेगळी रक्कम, असा आकडा विनासंकोच सांगावा. पोस्टर हे स्वतंत्र काम आहे आणि त्याची रक्कम स्वतंत्र असावी.

कामाचे टप्पे पाडावेत. निम्मी रक्कम काम सुरू करण्याआधी घ्यावी. त्यानंतर पेन्सिलीतला पक्का आराखडा पाठवावा आणि त्यावर लेखकांची लेखी संमती घ्यावी. शाई त्यानंतर. पेन्सिलीच्या टप्प्यावर दोन वेळा दुरुस्ती मानधनात धरावी. शाई झाल्यावर किनारा किंवा डोंगर बदलायचा असेल तर त्याचे पैसे वेगळे, आणि नावातील बदल मात्र छपाईपर्यंत मोफत, असे मी करतो. उरलेली रक्कम छपाईची फाइल देण्याआधी यावी. तोवर लहान आकाराची, आडवी खूण टाकलेली प्रत दाखवावी. एका प्रकाशकाने माझे उरलेले पैसे "पुस्तक खपले की देऊ" म्हणून वर्षभर लांबवले, तेव्हापासून मी या अटीत सूट देत नाही.

हक्कांविषयी मी वकील नाही, पण इतके प्रत्येक चित्रकाराला ठाऊक असावे. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार नकाशा ही कलाकृतीच मानली जाते. मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्राचा पहिला मालक कोण, याविषयी त्याच कायद्याच्या कलम १७ मध्ये काम सांगणाऱ्याच्या बाजूचीही तरतूद आहे, मात्र उलट करार नसेल तरच ती लागू होते. म्हणून करार करावाच. हक्क हस्तांतरित करायचे असतील तर ते लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागतात, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे व प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. आपल्या बाबतीत साधे पत्र पुरेल. या कादंबरीच्या तिन्ही भागांत आणि त्यांच्या ई-पुस्तकांत नकाशा छापण्याची परवानगी, पोस्टर व इतर वापरासाठी वेगळी बोलणी, मूळ कागद आपल्याकडे, आपले नाव श्रेयनामावलीत, आणि प्रकाशनानंतर नकाशा आपल्या कामाचा नमुना म्हणून दाखवण्याची मुभा, एवढे त्यात असावे. ओळखीचे लेखक आहेत म्हणून कागद टाळू नये. ओळख टिकावी यासाठीच तो करायचा असतो.

कुंचला, अंबाजोगाई

पुन्हा एकदा सर्वांचे आभार. प्रवासांची वही पूर्ण झाली असून सरोवर डावीकडे सरकवलेला पेन्सिलीचा आराखडा आणि मानधनाचे पत्र एकाच वेळी पाठवत आहे. आकडा शाईदौत यांनी सांगितलेल्या रीतीने काढला आणि तो मला स्वतःला मोठा वाटला, तरी कमी केलेला नाही.

एक छोटी शंका उरली आहे. प्रमाणपट्टी किलोमीटरमध्ये देणे अशा कथेत विजोड दिसेल. ती कोसांत द्यावी का?

पायवाट, धाराशिव

कोसांत अवश्य द्यावी, परंतु लेखकांच्या जगात एक कोस म्हणजे किती हे त्यांच्याकडून आधी लिहून घ्यावे, कारण आपल्याकडेही कोस प्रांताप्रांतांत वेगवेगळा होता आणि तिसऱ्या भागापर्यंत तो बदलता कामा नये. साधारण तीन किलोमीटरचा कोस धरला तर तांड्याची एका दिवसाची मजल नकाशावर पाच-सहा कोस येईल. प्रमाणपट्टीच्या खाली दुसरी पट्टी देऊन तिच्यावर "गाडीच्या वाटेचे दिवस" दाखवता आले तर वाचकाला गुणाकाराची गरजच उरणार नाही. फक्त ती पट्टी सपाट मुलखासाठी आहे, असे तेथे नोंदवावे. घाट चढणाऱ्या गाडीचा हिशेब वेगळा असतो.